दोन याद्या, एक जिल्हा

दरवर्षी १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद एकमेकांना दोन याद्या देतात. संबंध कितीही बिघडलेले असोत, हा रिवाज मोडत नाही. बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पालघर जिल्ह्यातल्या वाचकाने मात्र ती सोडू नये, कारण दोन्ही याद्यांत त्याचा जिल्हा आहे.

पहिली यादी अणुप्रकल्पांची. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात, ३१ डिसेंबर १९८८ रोजी, इस्लामाबादेत एक करार झाला. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही आणि असे प्रकल्प कुठे आहेत ते दर १ जानेवारीला एकमेकांना कळवायचे, असे त्यात ठरले. १९९२ पासून हा क्रम एकदाही चुकलेला नाही. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईत २६/११ घडले, पुलवामा आणि बालाकोट झाले. यादी गेली आणि यादी आली. २०२५ ची चौतिसावी. तिच्यातला तपशील जाहीर होत नाही, पण वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्या करारात येतात. तेव्हा तारापूर तिच्यात असणार, हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नाही.

दुसरी यादी कैद्यांची. २१ मे २००८ च्या करारानुसार ती वर्षातून दोनदा दिली जाते, १ जानेवारीला आणि १ जुलैला. २०२५ च्या जानेवारीत पाकिस्तानने ४९ नागरी कैदी आणि २१७ मच्छीमार अशी भारतीयांची नावे दिली. भारताने ३८१ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार अशी पाकिस्तान्यांची. भारतीय मच्छीमारांत बहुसंख्य गुजरातचे आणि दीवचे असतात. महाराष्ट्राचे जे असतात ते बहुतेक डहाणू, तलासरी आणि पालघर या तालुक्यांतले.

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या साहेबांचा विषय, आपल्याला त्यातले काय कळते, असे बोईसर-पालघरकडचा माणूस सहज म्हणून जातो. तोच माणूस रात्री टीव्हीसमोर बसला की चीनचे काय करावे, पाकिस्तानला कसे सरळ करावे, ट्रम्पना काय उत्तर द्यावे, हे तावातावाने सांगतो. पहिल्या वेळी तो स्वतःला कमी लेखत असतो, दुसऱ्या वेळी स्टुडिओतून उसने आणलेले बोलत असतो. त्याचे स्वतःचे मत या दोन्हींहून वेगळे असते. ते विचारायला मात्र कुणी येत नाही.

मते मोजण्याचे प्रयत्न होतात, नाही असे नाही. दिल्लीची ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन ही संस्था २०२१ पासून परराष्ट्र धोरणावर तरुणांची पाहणी करते. अमेरिका कशी वाटते, चीन कसा वाटतो, संयुक्त राष्ट्रांत सुधारणा हव्यात का, असे प्रश्न त्यात असतात. काम मेहनतीचे आहे. पण विचारले जाते ते मोठ्या शहरांतल्या १८ ते ३५ वयाच्या मुलामुलींना. तलासरीच्या पाड्यावरचा, आठवीनंतर शाळा सोडून ओख्याच्या बोटीवर गेलेला मुलगा वयाने त्यात बसतो, पत्त्याने बसत नाही.

त्या मुलाची गोष्ट जरा सविस्तर पाहिली पाहिजे. पावसाळी बंदी उठली की पोरबंदर, ओखा, वेरावळ, मांगरोळ इथल्या बोटमालकांना माणसे लागतात. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवर शेती एका पिकाची आणि रोजगार बेभरवशाचा. उचल घेऊन मुले निघतात. बोट पंधरा-वीस दिवस समुद्रात राहते, जिकडे मासळी तिकडे जाते. कच्छच्या टोकाला सर क्रीक ही खाडी आहे, सुमारे ९६ किलोमीटरची. तिच्यातून सीमा नेमकी कुठून जाते यावर दोन्ही देशांचे एकमत नाही. जमिनीवरची रेघ जिथे संपते तिथूनच समुद्रातली सुरू व्हायची, त्यामुळे समुद्रातली रेघही ठरलेली नाही. जी रेघ दोन सरकारांना सापडत नाही ती ओलांडल्याबद्दल खलाशी पकडला जातो. बोटीची दिशा तांडेल ठरवतो, मासळीचा पैसा मालकाकडे जातो आणि कराचीच्या तुरुंगात तांडेलाबरोबर खलाशीही जातो.

तिथे खटला चालतो, काही महिन्यांची शिक्षा होते आणि ती संपतेही. खरा तुरुंगवास त्यानंतर सुरू होतो. हा माणूस आमचाच, असे भारताने कळवायचे असते. त्यासाठी कागद दिल्लीहून मुंबईला, तिथून जिल्ह्याला, तालुक्याला, पोलीस ठाण्याला येतो आणि शेवटी पाड्यावर येऊन आधार कार्ड, रेशन कार्ड मागतो. मग तोच कागद उलट्या वाटेने परत जातो. खातरजमा झाली तरी सुटका लगेच होत नाही. कैदी सोडणे ही दोन्ही बाजूंना ‘सदिच्छा’ वाटते, आणि सदिच्छा दाखवायला निमित्त लागते. कधी ईद, कधी स्वातंत्र्यदिन, कधी पंतप्रधानांची भेट. फेब्रुवारी २०२५ मध्ये, रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, २२ भारतीय मच्छीमार कराचीहून सुटून अटारीमार्गे परतले. भारत सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१४ पासून २०२५ च्या आरंभापर्यंत २,६३९ मच्छीमार परत आले. आकडा मोठा आहे आणि त्यामागे अधिकाऱ्यांची मेहनतही आहे. पण इतके लोक परत आणावे लागले याचा अर्थ निदान तेवढे पकडले गेले होते.

जे परत येत नाहीत त्यांचीही नोंद ठेवावी लागते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याच्या ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा यंत्रणेने गोळीबार केला, त्यात पालघर तालुक्यातला एक खलाशी जागीच गेला. मार्च २०२४ मध्ये, रमजानच्या पहिल्या आठवड्यात, डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. मृतदेह घरी पोहोचायला मे उजाडला. परराष्ट्र धोरणाची किंमत मोजायची तर या घरांतल्या त्या सहा आठवड्यांनी मोजावी लागेल.

अशा घरात जाऊन कुणी विचारले की पाकिस्तानशी बोलणी करावीत की करू नयेत, तर उत्तर काय येईल? तिथे पाकिस्तानबद्दल प्रेम असण्याचे काहीच कारण नाही. उलट राग असायला सगळ्यांत सबळ कारण त्यांच्याकडेच आहे. तरीही त्या घराला बोलणी हवी असतात. चूल कशी पेटते हे माहीत असलेल्या बाईचे ते मत असते. त्यात दुबळेपणा शोधायचे कारण नाही. मुंबई-पुण्याच्या सुरक्षित दिवाणखान्यातून ‘सगळे संबंध तोडून टाका’ म्हणणे स्वस्त पडते. तोडलेल्या संबंधांची रोजची हजेरी भरणारा माणूस इथे तलासरीत असतो.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कुणी शत्रूला मिठी मारायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचे ७३ वे कलम सांगते की, किनाऱ्यालगतच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल, दोन देशांत वेगळे काही ठरलेले नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा करार मान्य केलेला आहे. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ पासून आहे; हे न्यायाधीश एकमेकांच्या तुरुंगांत जात, कैद्यांना भेटत, कोण आजारी आहे, कुणाची शिक्षा संपली आहे, ते सांगत. २०१३ च्या ऑक्टोबरनंतर तिची भेट झालेली नाही. दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. समिती रद्द कुणीच केलेली नाही, भेटवतही कुणी नाही.

जकातीच्या संदर्भात इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रमजानमध्ये ऐपतदार मुसलमान आपल्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढतो. ती कुणाला द्यायची याचे आठ हकदार कुराणात सांगितले आहेत. गरीब आणि गरजू त्यात आहेतच. पण कर्जात बुडालेला आहे, वाटेत अडकलेला प्रवासी आहे आणि ज्याची मान दुसऱ्याच्या जोखडात अडकली आहे तोही आहे. मूळ अर्थ गुलामांच्या मुक्तीचा. अनेक आलिमांनी त्यात कैद्यांची सुटकाही धरली. उचल फेडायची राहिलेला, परमुलखात अडकलेला, कैदेत पडलेला डहाणूचा खलाशी या तीन वर्णनांत एकाच वेळी बसतो. कराचीहून सुटलेल्या भारतीय मच्छीमारांना लाहोरपर्यंत पोहोचवण्याचा खर्च बऱ्याचदा ईधी फाउंडेशन उचलते. तिचे संस्थापक अब्दुल सत्तार ईधी यांचा जन्म गुजरातमधल्या बांटव्याचा. मच्छीमारांचा धर्म तिथे विचारला जात नाही. इकडे गुजरातच्या तुरुंगांत असलेले पाकिस्तानी मच्छीमारही सिंधच्या किनाऱ्यावरचे तितकेच गरीब लोक आहेत, हेही रोजा सोडताना आठवायला हरकत नाही.

दुसऱ्या यादीची गोष्ट अशी. पहिल्या यादीतले तारापूर त्याहून जुने आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या मुळातच परराष्ट्र धोरणातून उभ्या राहिल्या. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिकेत करार झाला, अमेरिकन कंपनीने प्रकल्प उभारला, १९६९ मध्ये वीज सुरू झाली. इंधन, म्हणजे समृद्ध युरेनियम, तीस वर्षे अमेरिकेनेच द्यायचे ठरले होते. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला आणि वॉशिंग्टनमध्ये तारापूर हे नाव वादाचा विषय झाले. जानेवारी १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत आले होते. मायक्रोफोन चालू आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही, आणि परत गेल्यावर भारताला एक थंड, रोखठोक पत्र पाठवू, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगताना पत्रकारांनी ऐकले. विषय तारापूरच्या इंधनाचाच होता. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुरवठा अडला. १९८० मध्ये एक खेप सिनेटमध्ये अवघ्या दोन मतांच्या फरकाने मंजूर झाली. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचे ठरले. पुढे चीनने दिले, मग रशियाने. पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका केंद्रासाठी पाच अणुसत्तांपैकी चौघांची दारे ठोठावून झाली. त्यात चीनही होता, हे आजच्या चर्चा ऐकताना पुष्कळांना खरे वाटणार नाही.

या सगळ्या काळात टॅप्स कॉलनीत, चिंचणी-तारापुरात, घिवलीत लोक राहत होतेच. त्यांना अमेरिकेबद्दल काय वाटते, हे त्या काळात कुणी विचारल्याचे दिसत नाही. पुढे तिसरी आणि चौथी भट्टी आली, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, आपल्या तंत्रज्ञानाची. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या गावकऱ्यांना अणुकार्यक्रमाबद्दल फार ठाम मते आहेत. ती पुनर्वसनाच्या भाषेत मांडली जातात म्हणून त्यांना धोरणावरचे मत म्हणत नाहीत, एवढेच.

२००८ मध्ये मात्र एक वेगळाच प्रकार झाला. मनमोहन सिंग सरकारचा अमेरिकेशी अणुकरार गाजत होता, डाव्यांचा कराराला विरोध होता, सरकार राहते की जाते असा प्रश्न होता. त्या गदारोळात डाव्या पक्षाच्या एका ज्येष्ठ नेत्याने जाहीर करून टाकले की देशातले बहुसंख्य मुसलमान या कराराच्या विरोधात आहेत. पक्षाने नंतर त्यापासून अंग काढून घेतले, पण शब्द सुटला होता. काही दिवस वर्तमानपत्रांतून चर्चा चालली, मुसलमानांना अणुकरार हवा की नको. युरेनियमला धर्म चिकटवण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. २२ जुलै २००८ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत ओमर अब्दुल्ला उठले आणि म्हणाले की ते मुसलमान आहेत आणि भारतीय आहेत, या दोन्हींत त्यांना फरक दिसत नाही आणि मुसलमान म्हणून या कराराला भ्यायचे काही कारणही दिसत नाही. भाषण काही मिनिटांचेच, पण गाजले. ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी मंजूर झाला.

तेव्हा तारापूर गावात येऊन कुणी विचारले असते, तर अणुकेंद्राच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या मुसलमानांचे मत त्यांच्या पारशी, मांगेला, भंडारी शेजाऱ्यांपेक्षा वेगळे निघाले असते का? नोकऱ्या कुणाला मिळाल्या, भट्टीतून येणाऱ्या गरम पाण्याने किनाऱ्याची मासळी गेली की राहिली, आपत्तीच्या वेळी बाहेर पडायला रस्ता धड आहे का, वीज इथे तयार होऊन गावात भारनियमन का, ही चर्चा तिथे चालते. ती कुठल्याही मोहल्ल्यात तशीच चालते.

हा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा ताजा झाला. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात सरकारने अणुऊर्जा कायदा आणि अणुदुर्घटनेच्या भरपाईचा २०१० चा कायदा, दोन्ही बदलण्याचा मनोदय सांगितला. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट. त्यानंतर बारा दिवसांनी मोदी-ट्रम्प भेट झाली आणि संयुक्त निवेदनातही हा विषय आला. २०१० च्या कायद्याप्रमाणे भरपाईची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यावर होती, १,५०० कोटी रुपयांपर्यंत. पण यंत्रसामग्री सदोष निघाली तर पुरवठादारावर दावा लावायची वाट त्यात ठेवलेली होती. परदेशी कंपन्यांना ती वाट बंद हवी होती. या कलमावर वॉशिंग्टनचे मत ठाऊक होते, कंपन्यांचेही ठाऊक होते. तारापूर, घिवली, दांडी, उच्छेळीच्या ग्रामपंचायतींचे काय मत होते? वीजनिर्मितीच्या अणुभट्टीसोबत अर्धशतकाहून अधिक काळ राहिलेली देशातली सर्वांत जुनी वस्ती ही. तिच्याइतका अनुभव या विषयात कुणापाशी नाही.

मत विचारले जात नाही ही एक तक्रार. मुसलमानांच्या बाबतीत उलटीही एक तक्रार आहे. त्यांना विचारले जाते, पण ठरावीक प्रश्न आणि ठरावीक सुरात. क्रिकेटचा सामना असला की विचारले जाते. सीमेवर काही घडले की पहिला फोन कंपनीतल्या मुस्लिम सहकाऱ्याला जातो, “काय म्हणता मग?” फोन करणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. पण त्या प्रश्नाला उत्तर नसते. फक्त परीक्षा असते, आणि ती दर वेळी नव्याने द्यायची असते.

२०२५ च्या रमजानमध्ये तो प्रश्न गाझावरून आला. १९ जानेवारीला झालेला युद्धविराम १८ मार्चच्या पहाटे मोडला. तिथे लोक सहेरीच्या, म्हणजे रोजा धरण्यापूर्वीच्या जेवणाच्या, वेळेला जागे होत असताना बॉम्ब पडले आणि एका दिवसात चारशेहून अधिक माणसे गेली. त्या रात्री बोईसरच्या, पालघरच्या मशिदींत तरावीहच्या नमाजेनंतर दुआ लांबली असेल तर नवल नाही. शेजाऱ्याला त्यात शंका वाटत असेल, तर सरकारची भूमिका एकदा पाहून घ्यावी. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली, ती आजही कायम आहे. १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले, तेही आज घट्ट आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. डिसेंबरमध्ये त्याच मागणीच्या बाजूने मत दिले. इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाइन हेच दिल्लीचे अधिकृत धोरण आहे. थोडक्यात, मशिदीतल्या त्या दुआत आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनात अंतर असले तर सुराचे असेल, देशनिष्ठेचे नाही. ज्या नागरिकाला इस्रायलची बाजू पटते त्यालाही ती मांडायचा तितकाच हक्क आहे. त्याला मात्र कुणी “काय म्हणता मग?” असे विचारत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही याच पानावर लिहिली पाहिजे. मुस्लिम मोहल्ल्यांत परराष्ट्र धोरणाची जाण बऱ्याचदा एका विषयावर सुरू होऊन तिथेच संपते. गाझाचे फोटो मोबाइलवर फिरतात. सुदानचे फिरत नाहीत, तिथेही मरणारे आणि मारणारे बहुतांशी मुसलमानच आहेत, तरीही. आणि तीस-चाळीस किलोमीटरवर, डहाणू-तलासरीत, ज्या घरातला माणूस कराचीत अडकला आहे त्याच्यासाठी दुआ किती मशिदींत होते? तो आदिवासी आहे, हिंदू आहे, तो आपला विषय नाही, असे कुणी म्हणत नाही. पण आठवणही होत नाही. परराष्ट्र धोरणावर ‘आमचे’ मत असते असा आरोप होतो तेव्हा राग येतो, तो रास्तच आहे. पण मत ‘आमच्या’पुरतेच राहिले तर त्या आरोपाला खाद्यही मिळते.

पाकिस्तानशी व्यवहार तोडण्याची किंमत कोण देतो, याचे एक साधे उदाहरण इफ्तारच्या ताटातही आहे. पुलवामानंतर दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, सरकारने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसवले. तिकडून येणारा एक मोठा जिन्नस होता खारीक. भाव कडाडले. खारीक रमजानमध्ये लागते, तशीच बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातही लागते. कुणी फारशी कुरकूर केली नाही, आणि जवानांच्या हत्येनंतर करायलाही नको होती. किराणा दुकानात दिलेले जास्तीचे पैसे आपण कशासाठी देतो आहोत हे ठाऊक होते आणि ते देणे मान्य होते. ज्याने तुरुंगात वर्षे दिली त्याला असे कुणी विचारलेले नसते.

वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेन यांच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे दोन वाक्ये पुरेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी ज्या बंदराची पायाभरणी पालघरला केली, ते भारत-पश्चिम आशिया-युरोप या नियोजित व्यापारमार्गाला जोडायचे आहे. तो मार्ग इस्रायलच्या हैफा बंदरातून जातो, म्हणजे गाझा शांत झाल्याशिवाय त्याचे पुढे काय हे सांगता येत नाही आणि डहाणूच्या डायमेकर, बागायतदार, मच्छीमार यांच्या वादात आता पश्चिम आशियाही आला आहे. बोईसरला थांबणार असलेली बुलेट ट्रेन जपानच्या ०.१ टक्का व्याजाच्या, पन्नास वर्षांच्या कर्जावर उभी राहते आहे. तिच्याविरुद्ध इथल्या ग्रामसभांनी ठराव केले तेव्हा बातमी भूसंपादनाची झाली, भारत-जपान संबंधांवर आदिवासी काय म्हणतात अशी झाली नाही.

सरकारने सगळे लोकांना विचारूनच करावे, असे कुणी समजूतदार माणूस म्हणणार नाही. लोकांचा राग आणि देशाचे हित दर वेळी एका दिशेने जात नाहीत, आणि याचे एक जुने उदाहरण रमजानशी जोडलेले आहे. हिजरी सन ६, म्हणजे इसवी सन ६२८. पैगंबर मुहंमद (स.) चौदाशेच्या आसपास साथीदारांसह उमऱ्यासाठी निघाले, मक्केच्या कुरैशांनी हुदैबिया या ठिकाणी अडवले. तह झाला. यंदा परत जा, दहा वर्षे लढाई नाही, मक्केतून कुणी पळून मदिनेला आला तर त्याला परत पाठवायचे, मदिनेतून कुणी मक्केला आला तर मात्र परत मिळणार नाही. मसुद्यातून ‘अल्लाहचे रसूल’ हे शब्दही काढायला लावले. साथीदारांना हा उघड अपमान वाटला. हजरत उमर यांनी तोंडावर विचारले की आपण सत्यावर आहोत ना, मग हे का? लोकमत घेतले असते तर तह फेटाळला गेला असता. पुढे कुराणाने त्याच तहाला उघड विजय म्हटले. कुरैशांच्या बाजूने तह मोडल्यावर, दोन वर्षांनी, रमजान महिन्यातच, मक्का जवळजवळ रक्त न सांडता हाती आले.

ही गोष्ट वाजांमध्ये बहुधा इथे संपवतात. तिच्यात आणखी एक माणूस आहे. तह लिहिला जात असतानाच अबू जंदल नावाचा तरुण मक्केच्या कैदेतून पायांत बेड्या घेऊन तिथे पोहोचला. त्याला ठेवून घेता आले नाही, शब्द दिला होता. बेड्यांसकट तो परत गेला. तहाचा लाभ सगळ्यांना झाला, त्याची पहिली किंमत त्या एकट्याने दिली. पैगंबरांनी त्याला सबुरीचा सल्ला दिला, अल्लाह वाट काढील असे आश्वासन दिले, आणि त्याचे नाव चौदाशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. पालघरच्या खलाशाचे नाव १ जानेवारीच्या यादीत असते, पण ती यादी त्याच्या गावात लागत नाही.

ती लावता येईल. ग्रामपंचायतीच्या फलकावर, तहसील कचेरीत, मच्छीमार सोसायटीत. कोण कुठे आहे, शिक्षा कधी संपली, कागद कुणाच्या टेबलावर आहे, एवढे तीन रकाने पुरे. जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी न्यायाधीशांची समिती पुन्हा सुरू करा असा एक ओळीचा ठराव केला, तर तो परराष्ट्र धोरणावरचा इथला पहिला लिखित कौल ठरेल. त्यावर सही करताना कुणाला आपला पक्ष सोडावा लागणार नाही, पाकिस्तानबद्दलचे मत बदलावे लागणार नाही.  ईदच्या नमाजेला ईदगाहवर शेकडो माणसे एका ठिकाणी येतात, सह्यांचा कागद तिथेही फिरू शकतो.

वर्षातली दुसरी यादी १ जुलैला येते. तेव्हा पावसाळी बंदीमुळे गुजरातच्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि बाकीचे खलाशी डहाणू-तलासरीला घरी, भाताच्या लावणीला आलेले असतात.